अंदाज आणि वादा

माणसाच्या इमानाची कसोटी लागते ती बहुधा मोठ्या प्रसंगी नव्हे. खोटी साक्ष द्यावी की देऊ नये, दुसऱ्याचे धन खावे की खाऊ नये, अशा प्रश्नांचा निकाल धर्माने, कायद्याने आणि शहाण्या माणसांनी कधीच लावून ठेवला आहे. खरी अडचण येते ती अगदी साध्या, रोज कानावर पडणाऱ्या प्रश्नांपाशी. "किती दिवस लागतील?" हा असाच एक प्रश्न आहे. विचारणाऱ्याला तो निरुपद्रवी वाटतो. उत्तर देणाऱ्याला मात्र त्या एका आकड्यात आपला शब्द, आपली झोप आणि कधी कधी आपली नोकरीही गहाण ठेवावी लागते.

हा प्रश्न आज ज्या ठिकाणी सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि ज्याचे उत्तर सर्वांत जास्त वेळा चुकते, ते ठिकाण म्हणजे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कंपन्यांची कार्यालये. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या शाळांतून शिकलेली मुले-मुली गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिंजवडी, खराडी, ऐरोली, बंगळूर येथे या कामाला लागली आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरात त्यापूर्वी कोणी अशी नोकरी केलेली नव्हती. सुटीत भेटली म्हणजे ती पगाराविषयी थोडे आणि 'डेडलाइन'विषयी फार बोलतात. त्यांच्या बोलण्यातून एक प्रश्न वारंवार डोके वर काढतो आणि तो केवळ त्यांच्या धंद्याचा नाही, नीतीचा आहे: चुकलेला अंदाज हे खोटे बोलणे आहे काय? आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत कोणी मोजायची?

बावर्ची, टेलरमास्टर आणि प्रोग्रामर

आधी आपल्या ओळखीची दोन माणसे घेऊ. लग्नाच्या दावतीला पाचशे माणसे आहेत असे सांगितले की अनुभवी बावर्ची उभ्या उभ्या हिशेब सांगतो. देगा किती, तांदूळ किती, गोश्त किती, चुली किती वाजता पेटवायच्या. त्याचा अंदाज क्वचितच चुकतो. कारण हेच काम त्याने शेकडो वेळा केलेले असते. त्याच्या तोंडचा आकडा हा खरे पाहता अंदाज नव्हेच. ती आठवण असते.

दुसरे आपले टेलरमास्टर. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ते प्रत्येकाला सांगतात, "चांदरातीला घेऊन जा." चांदरातीला दुकानासमोर गर्दी जमते आणि निम्म्या लोकांचे कुर्ते अजून काजाबटणाविना असतात. इथे अंदाज चुकला असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. एका कुर्त्याला किती तास लागतात हे मास्टरांना पक्के ठाऊक असते. किती कुर्ते घेतले हेही ठाऊक असते. गुणाकार त्यांनी केला नाही, किंवा केला आणि गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून तो सांगितला नाही. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर आणि वादा खोटा.

आता तिसरा मनुष्य, सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याची गोष्ट या दोघांपेक्षा वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय न्याय करता येणार नाही. बावर्चीला प्रत्येक दावतीला नव्याने देग चढवावी लागते. सॉफ्टवेअरचे तसे नसते. एकदा तयार झालेल्या प्रोग्रॅमची नक्कल क्षणात आणि जवळजवळ फुकट निघते. तेव्हा जे काम पूर्वी झालेले आहे ते पुन्हा करायचेच नसते. ते उचलून आणायचे असते. मग माणसाने हाताने करायचे काय उरते? जे तसेच्या तसे पूर्वी कोणी केलेले नाही ते. म्हणजे ज्या कामाचा अंदाज बिनचूक देता आला असता ते काम आपोआप यादीतून गळते आणि ज्याचा देता येत नाही तेच शिल्लक राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, शाळाप्रवेशाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आडनाव भरणे सक्तीचे आहे. आपल्याकडे कित्येक मुलांना आडनाव नसते; मुलाचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच. त्यामुळे फॉर्म पुढे सरकत नाही. आपल्याला वाटते, आडनावाची सक्ती काढायला काय लागते? अर्धा तास. प्रोग्रामरलाही प्रथम तसेच वाटते. पण तो आत शिरतो तेव्हा दिसते की हजेरीपटाचा क्रम आडनावावर लागतो, दाखल्याचा छापील नमुना आडनाव गृहीत धरून केलेला आहे, शिष्यवृत्तीची यादी बँकेकडे जाते तिथे मोकळा रकाना चालत नाही, आणि हे सर्व ज्याने लिहिले तो नोकरी सोडून गेला आहे. अर्ध्या तासाचे काम तीन आठवड्यांचे होते. यात कोणी आळस केलेला नाही, कोणी लबाडी केलेली नाही. काम किती आहे हे काम केल्याशिवाय कळतच नव्हते.

जुने दुखणे

हे दुखणे आजकालचे नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' या संगणकांची मोठी घोषणा केली. त्यांच्यासाठी लागणारी 'ओएस ३६०' ही कार्यप्रणाली तयार करण्याचे काम फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होते. जगातली त्या काळची अत्यंत हुशार माणसे, पैशाची ददात नाही. तरीही काम लांबले आणि खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला. ब्रुक्स यांचा मोठेपणा असा की त्यांनी या अनुभवावर पांघरूण घातले नाही. १९७५ साली त्यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. ते आजही वाचले जाते.

ब्रुक्स यांचा मुख्य मुद्दा असा की माणसे आणि महिने यांची अदलाबदल करता येत नाही. शेत कापायला दहा मजूर वाढवले तर कापणी लवकर होते. परंतु रखडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये माणसे वाढवली तर ते आणखी रखडते, कारण नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो आणि परस्परांत बोलणे वाढते. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. पन्नास माणसांत एक हजार दोनशे पंचवीस. काम करण्यापेक्षा काम समजावण्यातच दिवस संपतो.

पुढे १९८१ साली बॅरी बोएम यांनी दाखवून दिले की प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला दिलेला अंदाज खऱ्या आकड्याच्या चौपट किंवा चतुर्थांशही निघू शकतो. जसजसे काम पुढे सरकते तसतसे हे अंतर आवळत जाते. दुर्दैव असे की करारावर सही होते ती बरोबर त्या सुरुवातीच्या क्षणी, जेव्हा कोणालाच काही माहीत नसते.

मनाचा कच्चा हिशेब

पण सर्व दोष कामाच्या स्वरूपावर ढकलणे बरोबर नाही. माणसाच्या मनाचाही यात वाटा आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला एक नाव दिले. त्याला आपण मराठीत 'नियोजनाचा भ्रम' म्हणू. स्वतःच्या कामाचा विचार करताना माणूस सर्व काही सुरळीत होईल असे चित्र रंगवतो आणि तशाच कामांत पूर्वी काय झाले याकडे वळूनही पाहत नाही.

काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आपल्या २०११ सालच्या पुस्तकात स्वतःवरच गुदरलेला एक प्रसंग सांगितला आहे. तो शिक्षकांनी तर मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. १९७०च्या दशकात इस्राएलमधल्या शाळांसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करण्यासाठी त्यांनी एक गट जमवला होता. एके दिवशी प्रत्येकाला विचारले, पुस्तक पूर्ण व्हायला किती काळ लागेल? दीड ते अडीच वर्षे, असे सर्वांचे उत्तर आले. मग अभ्यासक्रमतज्ज्ञ असलेल्या एका सदस्याला विचारले, अशा इतर गटांना किती काळ लागला? तो गृहस्थ विचारात पडला. मग म्हणाला, सुमारे चाळीस टक्के गटांचे काम कधी पूर्णच झाले नाही आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. गंमत पाहा. ही माहिती त्याच्या डोक्यात होती आणि तरीही थोड्या वेळापूर्वी त्याने स्वतः इतरांसारखाच अंदाज दिला होता. पुस्तक अखेर आठ वर्षांनी पुरे झाले आणि तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळून गेला होता. ते वर्गात कधी वापरले गेले नाही.

१९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारले की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर सुमारे चौतीस दिवस आले. सगळेच बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर सुमारे एकोणपन्नास. प्रत्यक्षात लागले सुमारे पंचावन्न. म्हणजे माणसाची 'वाईटात वाईट' कल्पनासुद्धा वस्तुस्थितीपेक्षा गोड निघाली. यात कोणी कोणाला फसवत नव्हते. माणूस स्वतःलाच फसवत होता आणि तेही मनापासून.

यामागे एक साधे गणितही आहे. काम लवकर संपण्याला मर्यादा असते. उशीर होण्याला नसते. चार दिवसांचे काम शून्य दिवसांत होणार नाही, पण वीस दिवस मात्र सहज खाऊ शकते. १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पोलारिस प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची पद्धत निघाली. तीत तीन आकडे विचारतात: सर्व जुळून आले तर, बहुधा, आणि सर्व बिघडले तर. मधल्या आकड्याला चारने गुणून तिघांची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. समजा उत्तरे चार, सहा आणि वीस दिवस अशी आली. मनुष्य तोंडाने 'सहा' म्हणेल. हिशेब म्हणतो आठ. हे दोन दिवस कोणाच्या खिशातून जातात, हाच पुढचा प्रश्न आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

स्टीव्ह मॅकॉनेल या लेखकाने २००६ सालच्या आपल्या पुस्तकात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. आपल्या भाषेत त्यांना अंदाज, मक्सद आणि वादा म्हणता येईल. अंदाज म्हणजे 'माझ्या समजुतीप्रमाणे असे होईल'. तो ज्ञानाचा विषय आहे. मक्सद म्हणजे 'असे व्हावे अशी माझी गरज आहे'. तो इच्छेचा विषय आहे. वादा म्हणजे 'असे करण्याला मी बांधील आहे'. तो इमानाचा विषय आहे. अंदाज चुकू शकतो, मक्सद फसू शकतो, वादा मात्र मोडला जातो. तिघांची क्रियापदे वेगळी आहेत, कारण तिघांचा दोषही वेगळा आहे.

आमच्या मते पाप घडते ते अंदाज चुकल्याने नव्हे. ते घडते एकाचे नाव दुसऱ्याला दिल्याने. मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतो, "साधारण किती दिवस?" मुलगा चाचरत म्हणतो, "साधारण दहा." 'साधारण' हा शब्द त्या खोलीतून बाहेर पडत नाही, 'दहा' तेवढे बाहेर जाते. वरच्या साहेबाच्या कागदावर तो मक्सद होतो, क्लायंटला जाणाऱ्या पत्रात वादा होतो आणि अकराव्या दिवशी मुलाला विचारले जाते, "तूच तर म्हणाला होतास!" त्याने सांगितला होता अंदाज, त्याच्याकडून वसूल केला जातो वादा. ज्याने देवाणघेवाणीत वजनमाप बदलले त्याला आपण काय म्हणतो? इथे शब्दांचे वजनमाप बदलले जाते एवढाच फरक.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. दोनदा पोळलेला मुलगा तिसऱ्यांदा दहाचे वीस सांगू लागतो. मॅनेजरला हे ठाऊक असते, म्हणून तो वीसचे दहा करतो. पुढच्या खेपेला मुलगा चाळीस सांगतो. मॅनेजरच्या बाजूनेही दलील असते: १९५५ साली पार्किन्सन यांनी 'इकॉनॉमिस्ट'मध्ये थट्टेने लिहिले होते की वेळ जेवढा द्यावा तेवढे काम फुगते, तेव्हा वेळ कमीच द्यावा. दोघेही आपापल्या जागी शहाणे ठरतात, आणि या शहाणपणात जो सरळपणे खरा आकडा सांगतो तो मात्र भरडला जातो. कारण त्याच्या खऱ्या दहाचेही पाच केले जातात. जी व्यवस्था खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि फुगवून सांगणाऱ्याला संरक्षण देते, ती माणसांना खोटे बोलायला शिकवणारी शाळाच होय. तिथे एकट्या माणसाच्या इमानाची चर्चा करणे अपुरे आहे.

बाजारात भावाची घासाघीस आपण सर्वच करतो आणि त्यात गैर काही नाही. भाव हा देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मर्जीचा विषय आहे. दुकानदार नफा सोडू शकतो. परंतु कामाला लागणारा वेळ हा मर्जीचा विषय नाही, वस्तुस्थितीचा आहे. डॉक्टरांनी "टायफॉइड उतरायला आठवडा तरी लागेल" म्हटल्यावर आपण "तीन दिवसांत जमवा" असे म्हणत नाही. म्हटले आणि डॉक्टर भिडेखातर "बरे" म्हणाले तरी ताप ऐकणार नाही. सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये मात्र नेमके हेच चालते आणि त्याला 'निगोशिएशन' असे भारदस्त नाव असते.

उशिराची किंमत

अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाचे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. तो १९९३च्या ऑक्टोबरमध्ये उघडायचा होता. प्रवाशांचे सामान आपोआप वाहून नेणारी, संगणकावर चालणारी एक प्रचंड यंत्रणा तिथे बसवायची होती. एवढे काम एवढ्या वेळात होणार नाही असे इशारे आधीच दिले गेले होते; परंतु तारीख ठरलेली होती. यंत्रणा चालेना. बॅगा फाटू लागल्या, गाड्या रुळावरून उतरू लागल्या. विमानतळ उघडला १९९५च्या फेब्रुवारीत, सोळा महिने उशिरा. ती यंत्रणा पुढे २००५ साली मोडीतच काढली. ज्यांनी इशारा दिला ते खरे ठरले, पण खरे ठरण्याने कोणाचे नुकसान भरून निघाले नाही.

मोठ्या प्रकल्पांची नुकसानी वर्तमानपत्रांत येते. लहान नुकसानी घरात येते. आपल्या देशातल्या कंपन्या पुष्कळदा परदेशी क्लायंटसाठी ठरीव रकमेत काम घेतात. काम मिळावे म्हणून आकडा कमी लावला जातो. तो लावतो विक्री करणारा; त्याचा मोबदला त्याला सही झाल्याबरोबर मिळतो. कमी पडलेले दिवस भरून काढतो तो चौथ्या मजल्यावर बसलेला पोरगा. अमेरिकेची सकाळ ती आपली संध्याकाळ, म्हणून मगरिबच्या सुमारास मीटिंग सुरू होते आणि इशाची वेळ टळून गेली तरी संपत नाही. शनिवार जातो, मग रविवारही जातो. घरी आजारी आई असो की पाळण्यातले मूल असो, त्यांच्या वाट्याचे तास त्या आकड्याने आधीच विकलेले असतात. आणि जी मुलगी रात्री आठनंतर थांबू शकत नाही, तिच्याविषयी 'कामाची तळमळ नाही' असा शेरा पडतो.

इथे मूळ नैतिक प्रश्न उघडा होतो. आकडा देणारा एक, आकड्यावर नफा मिळवणारा दुसरा आणि आकड्याची भरपाई करणारा तिसरा, अशी जेव्हा वाटणी होते तेव्हा चूक ही चूक राहत नाही. ती अन्याय होते. ज्याने किंमत मोजायची त्याला अंदाज विचारला गेला होता काय? विचारला असेल तर त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा होती काय? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला वादा म्हणत नाहीत.

मग अंदाज देऊच नये काय?

२०१२च्या सुमारास काही प्रोग्रामर मंडळींनी असाही विचार मांडला की हा सारा खेळच बंद करावा, अंदाज द्यायचेच नाहीत. लहान लहान तुकड्यांत काम करावे आणि तयार होईल ते दाखवत जावे. या विचारामागची तळमळ आम्हास समजते. पण तो पुरतेपणी पटत नाही. कारण क्लायंट काही दुष्ट मनुष्य नसतो. त्यालाही कोणाला तरी उत्तर द्यायचे असते. रुग्णालयाला नवे वॉर्ड सुरू करायचे असतात, शाळेला जूनमध्ये प्रवेश द्यायचे असतात. काही तारखा तर कोणाच्याच हातात नसतात. ३१ डिसेंबर १९९९ ही अशीच तारीख होती. जुन्या संगणकांत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले असल्याने २००० साल त्यांना १९०० वाटण्याचा धोका होता, आणि ते दुरुस्त करण्याच्या कामावर आपल्याकडच्या किती तरी कंपन्या उभ्या राहिल्या. "होईल तेव्हा होईल" असे तिथे म्हणता आले नसते.

शिक्षकालाही तसे म्हणता येत नाही. जूनमध्ये आम्ही वार्षिक नियोजन लिहितो: कोणत्या घटकाला किती तासिका, कोणता धडा कोणत्या महिन्यात. अपूर्णांकांना दहा तासिका लिहिल्या म्हणून मुलांना दहा तासिकांत अपूर्णांक येतातच असे नाही. मध्येच निवडणुकीचे काम येते, सर्वेक्षण येते, पाऊस येतो. तरी नियोजन निरुपयोगी नसते. त्यामुळेच तर नोव्हेंबरमध्ये कळते की आपण कुठे मागे आहोत आणि काय आटोपते घ्यावे लागेल. नियोजन बिघडते ते तेव्हा, जेव्हा ते वर्गासाठी न राहता तपासणीसाठी उरते. मग वहीत 'घटक पूर्ण' असे लिहिलेले असते आणि फळ्यासमोर मूल तसेच गोंधळलेले असते. सॉफ्टवेअर कंपनीतले 'नव्वद टक्के काम झाले' हे वाक्य याच जातीचे आहे.

तेव्हा प्रश्न अंदाज द्यावा की न द्यावा हा नाही. इमानदारीने कसा द्यावा हा आहे. या धंद्यातल्याच माणसांनी त्याच्या काही चांगल्या रीती शोधल्या आहेत. एकच आकडा न देता 'सहा ते वीस दिवस' असा पल्ला द्यावा आणि काम पुढे सरकेल तसा तो आवळत न्यावा. इच्छेने नव्हे, तर मागच्या तशाच कामांच्या नोंदी पाहून बोलावे. तारीख हलत नसेल तर काम हलवावे: काय आज हवेच आहे आणि काय नंतर चालेल, हे क्लायंटबरोबर बसून ठरवावे. आणि उशीर होणार असे दिसताच त्याच दिवशी सांगावे, शेवटच्या दिवशी नव्हे. उशिरा कळलेला उशीर हा दुहेरी उशीर असतो; समोरच्याचा दुसरी वाट शोधण्याचा वेळही तो खातो.

अशीच एक रीत आम्हास विशेष आवडली. २००२ साली जेम्स ग्रेनिंग यांनी ती सुचवली. टीममधल्या प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे पत्ते असतात: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे. आकडे मोठे होतात तशी त्यांतली दरीही वाढते, कारण काम मोठे तसे आपले अज्ञानही मोठे. कामाचे वर्णन झाले की सर्वांनी आपला पत्ता एकाच वेळी उघडायचा. एकाच वेळी का? कारण टीम लीडर आधी 'तीन' म्हणाला तर नवा मुलगा 'तेरा' म्हणायला धजत नाही. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा देणाऱ्यांनी आपापले कारण सांगायचे. पुष्कळदा तेरा म्हणणाऱ्याला तो अडथळा माहीत असतो जो इतरांच्या गावीही नसतो. मजुराचा आणि मुकादमाचा आवाज एका क्षणापुरता सारखा करणारी ही युक्ती आहे. आणि त्या पत्त्यांत बहुधा एक पत्ता प्रश्नचिन्हाचा असतो. त्याचा अर्थ, 'मला अजून माहीत नाही.' अज्ञान कबूल करण्यासाठी रीतसर पत्ता ठेवणारी टीम ही आमच्या मते इमानदारीच्या जवळ पोहोचलेली टीम होय.

'इन्शाअल्ला'चे दोन उच्चार

आपल्या समाजाला या बाबतीत वास्तविक एक जुना धडा मिळालेला आहे. उद्याच्या कोणत्याही गोष्टीविषयी बोलताना आपण 'इन्शाअल्ला' म्हणतो. हा शब्द म्हणजे माणसाच्या मर्यादेची नम्र कबुली आहे: माझा इरादा पक्का आहे, मेहनत मी पूर्ण करीन, पण उद्याचे सारे धागे माझ्या हातात नाहीत. पल्ला देऊन बोलणारा शास्त्रज्ञ वेगळ्या भाषेत याहून फार निराळे काही सांगत नाही.

पण आपणच या शब्दाचे काय केले? "पैसे कधी परत देणार?" "इन्शाअल्ला." "मुलीचे पुढचे शिक्षण?" "इन्शाअल्ला." आता तो शब्द ऐकला की समोरचा समजून जातो की काम होणार नाही. जो शब्द वाद्याला खरेपणा आणण्यासाठी होता तो वादा टाळण्याची पळवाट झाला. टेलरमास्टरही चांदरातीचा वादा करताना तो उच्चारतातच. फरक उच्चारात नाही, त्याच्या आगेमागे काय आहे यात आहे. आधी हिशेब केला असेल आणि नंतर मेहनत होणार असेल, तर तो शब्द नम्रता आहे. आधी हिशेब नाही आणि नंतर मेहनत नाही, तर तो निव्वळ बहाणा आहे. अंदाजाचेही असेच आहे. 'नक्की सांगता येत नाही' हे वाक्य प्रामाणिक माणूसही बोलतो आणि कामचुकारही बोलतो. दोघांत भेद एवढाच की पहिला पुढे सांगतो, काय कळले म्हणजे नक्की सांगता येईल आणि ते कळण्यासाठी तो आज काय करणार आहे.

आमच्या शाळांतून पहिल्यांदाच या दुनियेत जाणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. ज्याच्या मागे ओळख नाही, घरात विचारायला कोणी नाही, ज्याच्या पगारावर भावंडांची फी अवलंबून आहे, तो मुलगा मीटिंगमध्ये सर्वांत आधी 'हो सर' म्हणतो. त्याला वाटते, 'माहीत नाही' म्हटले तर आपण उर्दू माध्यमातले म्हणून कमी ठरू. ही समजूत एका दिवसात तयार होत नाही. ज्या वर्गात झटकन वर आलेल्या हाताला शाबासकी मिळते आणि थांबून विचार करणाऱ्या मुलाला 'बस खाली' ऐकावे लागते, त्या वर्गात तिची सुरुवात होते. म्हणून हे काम कंपन्यांचे जेवढे आहे तेवढेच शाळेचेही आहे. मुलांना उत्तरे शिकवावीत. तसेच कोणत्या उत्तराची आपल्याला खात्री आहे आणि कोणत्याची नाही, हे वेगळे करून सांगायलाही शिकवावे.

कामाच्या शेवटाचा वादा पुष्कळदा करता येत नाही. पण एक वादा जवळजवळ नेहमी करता येतो आणि पाळताही येतो: आपल्याला कधी कळेल याचा. "सर, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय आकडा सांगणे बरोबर होणार नाही. गुरुवारी दुपारपर्यंत पाहून सांगतो." ज्या मुलाने हे वाक्य न घाबरता म्हटले आणि गुरुवारी दुपारी खरोखर जाऊन सांगितले, त्याने अंदाजाचा मान राखला आणि वाद्याचाही.